दादाचा डावा डोळा

माणसांना नावं ठेवणारे लोक सगळीकडेच भेटतात. डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या बाईंच्या लॅबमधले लोक बशांना नावं ठेवायचे. पेशी वाढवायच्या उबदार कपाटात वरच्या फळीवरच्या बशा म्हणजे ‘दादा’, मधल्या फळीवरच्या ‘दुरुस्त दादा’ आणि खालच्या फळीवरच्या ‘बाई’. सकाळी सकाळी कुणीतरी ओरडायचं, “अरे, दादांना खायला घातलं का?” आणि आतून उत्तर यायचं, “दादांचं झालं, बाई अजून उपाशी आहेत.” नवीन आलेला माणूस पहिले काही दिवस चक्रावून जायचा आणि मग स्वतःच तसं बोलायला लागायचा.

दादा म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्यावर समोरचं चित्र उमटतं, तो दादाच्या बाबतीत तरुणपणीच विरायला लागला होता. आधी संध्याकाळनंतरचं दिसेना, मग कडेचं दिसेना, मग समोरचंही. वडिलांचं तेच झालं होतं, त्यामुळे घरात कुणाला नवल वाटलं नाही, नुसतं वाईट वाटलं. दादा शाळेत भूगोल शिकवायचा. खडू न उचलता फळ्यावर जगाचा नकाशा काढायचा तो! नजर जायला लागली तरी हाताच्या सवयीवर काढतच राहिला. एक दिवस पहिल्या बाकावरची मुलगी भीत भीत म्हणाली, “सर, समुद्र फळ्याच्या बाहेर गेला.” त्या दिवशी दादाने खडू खाली ठेवला. ही गोष्ट तो आल्यागेल्याला स्वतःच सांगायचा आणि स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचा.

बाईंना मात्र त्या गोष्टीचं कधी हसू आलं नाही. त्यांनी अर्धं आयुष्य त्या पडद्यामागे घालवलं. आता शास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं, रोज काहीतरी शोध लागत असेल. कसलं काय! निम्मा दिवस पेशींचं खाणंपिणं बघण्यात जातो आणि उरलेला निम्मा, त्या का मेल्या हे शोधण्यात. दादाच्या दंडातून रक्त काढायचं. त्यातल्या पेशींना गोडीगुलाबीने मागे न्यायचं, इतकं मागे, की आपण रक्ताच्या आहोत हे त्या विसरतात आणि पुन्हा मूळपेशी होतात, आईच्या पोटातल्या बाळासारख्या, काहीही व्हायला तयार. मग त्यांना हळूहळू डोळ्याच्या पडद्याच्या पेशी व्हायला शिकवायचं. महिनेच्या महिने लागतात. तान्ह्या बाळाचं परवडलं, ते निदान रडून सांगतं.

पण नुसतं वाढवून भागत नाही. दादाच्या प्रत्येक पेशीत एका जनुकातलं एक अक्षर गळलेलं होतं. ते तसंच ठेवलं, तर नव्या पेशीही पुढेमागे जुन्यांच्याच वाटेने जाणार. म्हणून काही बशांमध्ये बाईंनी ते अक्षर नेमकं त्या जागी बसवलं. हेच ते ‘दुरुस्त दादा’. आणि दुरुस्ती कितपत जमली हे कळायला शेजारी एक निरोगी नमुना लागतो. लॅबची रीत अशी, की निरोगी नमुना लागला की जो कुणी हाताशी असेल त्याने बाही वर करायची. त्या वेळी बाईच हाताशी होत्या. शिवाय सख्खी बहीण, म्हणजे बाकी सगळं मिळतंजुळतं. पन्नाशीला टेकल्या तरी सुईत दोरा ओवायला त्यांना चष्मा लागत नव्हता, याहून निरोगी कोण असणार?

आता सगळं तयार होतं. दुरुस्त पेशी सगळ्या तपासण्यांतून पार पडून शीतपेटीत वाट बघत होत्या. माणसावर करून बघायला समितीची परवानगी आली होती. पहिला माणूस दादाच, कारण पेशी त्याच्याच होत्या. दुसऱ्या कुणासाठी हे सगळं मुळापासून परत करायचं म्हणजे वर्षं जाणार. आणि दादा म्हणत होता, नको.

“बारके,” रविवारी बाई घरी गेल्या तेव्हा तो म्हणाला. बाई विभागप्रमुख झाल्या, केस पिकले, तरी त्याच्यासाठी त्या बारकीच. “रक्त मागितलंस, दिलं. कातडीचा तुकडा मागितलास, दिला. आता डोळाच मागतेस. उद्या म्हणशील, दादा, डोकं काढून दे, धुऊन परत देते.”

“चेष्टा पुरे. डोळा काढून कुठे मागतेय कुणी? डाव्यात नुसत्या पेशी सोडायच्या आहेत.”

“मग उजवा घे ना! आनंदाने घे. तो नुसता शोभेला आहे.”

“त्याचा उपयोग नाही, किती वेळा सांगू? तिथला पडदा पार गेला. पेशी रुजायला थोडीतरी जिवंत जागा लागते. ती फक्त डाव्यात आहे.”

“आणि रुजल्या नाहीत तर आहे तेही जाईल, असं तुझे सर्जनच म्हणाले ना?”

“जाऊ शकेल, म्हणाले. जाईलच असं नाही.” बाईंचा आवाज चढला. भावाशी बोलताना तो चढायचाच. “अरे, पण आहे काय त्यात असं? उजेड-अंधार कळतो, बस. त्याला काय सोनं लागलंय?”

दादा नेहमी शब्दाला शब्द द्यायचा. या वेळी त्याने चहाचा कप चाचपून खाली ठेवला. “आहे आपलं थोडंसं,” तो म्हणाला.

वहिनी कप उचलायला आल्या होत्या. “ते नको म्हणतात तर राहू दे ना, ताई,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

बाई तणतणतच घरी आल्या. त्यांना दादाचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आपण राबराब राबलो त्याचं या माणसाला काहीच कसं नाही, याचं वाईटही वाटत होतं. घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, पण पाणी पाजता येत नाही, तसं झालं होतं.

लॅबमध्ये एक संशोधक मुलगी होती. मुलगी म्हणजे चांगली तिशीची बाई, पण तिला सगळे ‘शंकासुर’ म्हणत. घड्याळात दहा वाजले म्हटलं तरी ती दुसरं घड्याळ बघून यायची. सगळ्या लॅबला आनंदाचं भरतं आलं होतं, कारण दुरुस्त दादांच्या पेशी निरोगी बाईंच्या पेशींपेक्षाही चांगलं काम करत होत्या. केक कापायचं ठरत होतं. शंकासुर मात्र कपाळाला आठ्या घालून बसली.

“दुरुस्त केलेलं भांडं नव्या भांड्यापेक्षा बरं कसं?” ती म्हणाली. “म्हणजे एक तर आपण फार हुशार आहोत, नाहीतर ते नवं भांडं नवं नाही.”

या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नमुन्याचं जनुक आधी वाचून घेतलं जायचं. दादाचं वाचलं होतं, दुरुस्त दादाचं तर दहादा वाचलं होतं. बाईंचं कुणी वाचलंच नव्हतं. घरच्याच बाईंचं काय वाचायचं? शंकासुराने ते वाचलं.

दुपारी ती बाईंच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. ती कधी दार लावत नसे.

“मॅडम, मला वाटतं नमुन्यांची अदलाबदल झाली असावी. तुमच्या बशीत दादांची चूक दिसते. तेच जनुक, तीच जागा, तेच अक्षर गळलेलं.”

“मग झालीच असणार अदलाबदल,” बाई म्हणाल्या. “झाकणं बदलली असतील कुणीतरी. एकेकाला फैलावर घ्यायला हवं.” असं म्हणत त्यांनी बाही वर केली. “ताजं रक्त घे. तूच घे, तूच वाच, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको.”

ताज्या रक्तातही तेच निघालं.

तज्ज्ञ लोक आजवर एकच गोष्ट सांगत आले होते: ज्याच्यात ही चूक, त्याची नजर तारुण्यातच जाते. म्हणून ज्याची नजर शाबूत, त्याच्यात चूक नाही, असं बाई धरून चालल्या होत्या. हे दुसरं वाक्य कुणी कधी तपासलंच नव्हतं. शंकासुराने पुढचं खोदून काढलं. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. वडिलांची फाटकी प्रत दोघा भावंडांना मिळाली. आईकडची जी आली ती बाईंच्या वाट्याला कामसू आली, दोघींचं काम एकटीने ओढणारी. दादाच्या वाट्याला आली ती आळशी. एवढाच काय तो फरक.

आता बाईंचा स्वभाव बघा. पहिली काही मिनिटं त्या हरखून गेल्या. केवढी मोठी गोष्ट सापडली होती! कामसू प्रत असेल तर माणूस वाचतो, म्हणजे आळशी प्रतीला कामाला लावायचं औषध शोधता येईल. त्या फळ्याकडे जाऊन भराभरा लिहायला लागल्या. लिहिता लिहिता हात थांबला.

“भिंगरी,” त्या म्हणाल्या.

भिंगरी ही त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजात शिकणारी. पाय एका जागी ठरायचा नाही म्हणून भिंगरी. वडील आणि भाऊ दोघांची नजर गेली, पण आपली नजर चांगली, म्हणजे लेकीला धोका नाही, अशा भरवशावर बाईंनी तिला जन्म दिला होता आणि बिनघोर वाढवली होती. दादा-वहिनींनी मात्र घरात पाळणा हलू दिला नव्हता. मूल होऊन त्याला हे द्यायचं, त्यापेक्षा नकोच, असं दोघांनी ठरवलं होतं. सगळी माया मग भाचीवर. भिंगरीचं अर्धं बालपण मामाच्या पाठीवर गेलं होतं.

बाईंनी तिच्यापासून काही लपवून ठेवलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि सरळ सांगितलं. भिंगरी नखांकडे बघत म्हणाली,

“आई, सिनेमात उशिरा गेलं की मी दुसऱ्याच्या मांडीवर बसते ना, तुम्ही सगळे हसता.”

“हो.”

“मला खरंच दिसत नाही ग तेव्हा. मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसत नसेल, मीच जरा जास्त धांदरट.”

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. जगभरातल्या अनोळखी माणसांना त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, अंधारात अडखळता का म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पोटच्या पोरीला त्यांनी फक्त “बघून चाल ना ग” एवढंच म्हटलं होतं.

भिंगरीचं रक्त तपासलं, तिच्या बाबांचंही तपासलं. आईकडून फाटकी प्रत आली होती आणि बाबांकडून आळशी. बिचारा तो माणूस, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला आळशी ठरवलं आणि नेमकं अशा ठिकाणी. सर्जनांनी तिचे डोळे बघितले. कडा विरायला सुरुवात झाली होती. मधला भाग अजून छान होता, आणखी काही वर्षं राहील असं ते म्हणाले. एवढ्या वर्षांत उपाय हाताशी आला तर पोरीची नजर वाचेल. आणि उपाय हाताशी यायचा तर पहिल्या कुणाच्या तरी डोळ्यात त्या दुरुस्त पेशी घालून बघायला हव्या होत्या. तो पहिला कोण, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी घरी परतताना बाईंनी लेकीचा हात घट्ट धरला.

“मामाला यातलं अवाक्षर सांगायचं नाही.”

“का?”

“त्याला कळलं तर तो हो म्हणेल. लगेच म्हणेल. मी इतके दिवस त्याच्या मागे लागले होते, तो नको म्हणत होता, तो त्याचा हक्क होता. आता तुझं नाव सांगून हो म्हणायला लावायचं म्हणजे गळ्यावर सुरी ठेवण्यासारखं आहे. मला नाही करायचं ते. मी दुसरा कुणी शोधीन.”

“दुसरा शोधायचा तर किती वर्षं?”

गणित दोघींनाही येत होतं. बाईंना त्या क्षणी काय वाटत होतं ते सांगायला लाज वाटावी असं होतं: दादाने हो म्हणावं असं त्यांना इतकं कधीच वाटलं नव्हतं, आणि त्याला विचारायचं तोंड मात्र आता उरलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांना जेवण गेलं नाही. दादाचा फोन आला तर त्यांनी कामाचं निमित्त सांगून ठेवून दिला.

आणि एका सकाळी सर्जनांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दादा आणि वहिनी बसलेले दिसले. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“तू इथे काय करतोयस?” बाई म्हणाल्या.

“डोळे दाखवायला आलोय. लोक इथे कशाला येतात?”

“दादा, तुला कुणी सांगितलं?”

“तू गप्प बस, बारके. तुला आत बोलायची परवानगी नाही, मी विचारून घेतलंय.”

खरंच नव्हती. काम बाईंचं, भाऊही बाईंचा, म्हणून विचारपूस सर्जनांनी करायची आणि बाईंनी एक शब्द बोलायचा नाही, असा नियमच होता. त्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. सर्जन वयस्कर होते, हळू बोलायचे, आणि कुणालाही घाई करू द्यायचे नाहीत.

“तुम्ही आधी नको म्हणाला होतात,” ते म्हणाले. “आता हो म्हणताय. तुम्हाला कुणी भरीस घातलंय का?”

“घातलंय की,” दादा म्हणाला.

बाईंचा जीव टांगणीला लागला.

“कुणी?” सर्जन म्हणाले.

“भाचीने. घरी आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, मामा, माझ्या डोळ्यांचं हे असं आहे, आईने तुला सांगू नको म्हटलंय, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. आणि तू माझ्यासाठी काहीएक करायचं नाहीस, शपथ आहे तुला. आता तुम्हीच सांगा डॉक्टर, याहून जास्त भरीस घालता येतं का माणसाला?”

सर्जन हसले. मग हसू पुसून म्हणाले, “म्हणजे तुम्ही तिच्यासाठी करताय.”

“तिच्यासाठीच. त्यात लपवायचं काय? माझ्या डोळ्यात काही बिघडलं तर ते का बिघडलं हे तुम्हाला कळेल, तिच्या वेळी ते तेवढं टाळा. आणि नाही बिघडलं तर उत्तमच, मी परत नकाशे काढीन. ही बारकी माझ्यासाठी झिजली, मी नको म्हणत होतो तरी झिजली. आता मला थोडं झिजू द्या, नको म्हणायची पाळी तिची.”

बाईंचे ओठ हलले. सर्जनांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तशा त्या थांबल्या.

“दुसऱ्यासाठी करायला हरकत नसते,” सर्जन म्हणाले. “पण तुमचं काय जाऊ शकतं ते तुम्हाला समजलंय का, हे मला बघायला लागतं. तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलेलं परत म्हणून दाखवू नका.”

बाईंना वाटलं, दादा म्हणेल, उजेड-अंधार. त्यांनी स्वतः प्रत्येक अहवालात तेच दोन शब्द लिहिले होते.

“सकाळी खिडकीत उजेड येतो,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. “मी अंथरुणातच असतो. मग तो उजेड जरासा जातो आणि परत येतो. म्हणजे ही समोरून गेली. पुन्हा जातो, पुन्हा येतो. ही दिवसभर अशी येत-जात असते. बोलत नाही फारशी, पहिल्यापासून तशीच आहे. ज्याला दिसत नाही त्याला सारखं विचारावं लागतं डॉक्टर, कोण आहे? आहेस का? ऐकतेयस का? बाहेर मी सगळ्यांना विचारतो. घरात मला आजवर हिला एकदाही विचारावं लागलं नाही.” तो थांबला. “ते जाईल. बाकी काही नाही त्या डोळ्यात.”

बाईंना रडू फुटलं. त्याला काय सोनं लागलंय, असं आपण या माणसाला विचारलं होतं. बोलायची मुभा नव्हती, म्हणून त्या तोंडावर पदर दाबून नुसत्या रडल्या.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. हे त्यांनाही आजच कळत होतं. त्या जागच्या उठल्या, दादाच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले.

“त्यांचा होकार लिहून घ्या, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “मी आजपासून बोलत जाईन.”